करंजाड्याचा बंगला

बाळाराम,

सोसायटीच्या कमिटीने तुझी शोकसभा ठरवली तेव्हा बोलणाऱ्यांमध्ये माझं नाव पहिलं होतं. साहजिकच आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असो की पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन, एकदा हातात आलेला माइक मी सोडत नाही. या वेळी मी नाही म्हणालो. सेक्रेटरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजू शकतो म्हणाला. त्याला काहीही समजलं नव्हतं. मला बोलायचं होतं, भरपूर बोलायचं होतं. पण शोकसभेत गेलेल्या माणसाला शिव्या घालायची पद्धत आपल्याकडे नाही आणि मला त्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. समोर तुझा फोटो, हार, उदबत्ती, पहिल्या रांगेत सुमन वहिनी. म्हणून तोंड मिटून बसलो. आता लिहितोय. इथे माइक माझ्याच हातात आहे आणि तुला मधेच उठून जाता येणार नाही.

तू मेलास याचा राग नाही. मरतात माणसं. राग आहे तो आधीची दोन वर्षं तू आम्हाला जो प्रयोग दाखवलास त्याचा. मी उभा जन्म हौशी रंगभूमीवर काढला. दिवसा बेलापूरच्या ऑफिसात फायली, संध्याकाळी तालमी. नट खोटं बोलतोय हे मला त्याच्या पाठीवरून कळतं, अशी फुशारकी मी नेरूळपासून पनवेलपर्यंत मारत आलो. आणि कारखान्यात लोखंडी साचे घासत आयुष्य काढलेला करावे गावचा एक माणूस दोन वर्षं माझ्या नाकासमोर एकपात्री करत राहिला, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आपली ओळखच मुळी माझ्या पडलेल्या नाटकामुळे झाली. हॉल मोठा घेतला होता आणि प्रेक्षक इतके कमी, की नटांनी ते मोजू नयेत म्हणून मी पुढचे दिवे डोळ्यांवर येतील असे लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. संध्याकाळी दारात तू. तोवर आपण लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरते शेजारी. हातात परात, परातीवर ओलं फडकं. गच्चीवर चल म्हणालास. मला वाटलं, कसला तरी प्रसाद असेल.

टाकीच्या सावलीत तू फडकं काढलंस आणि परातीत माझं थिएटर उभं होतं. तांदळाच्या उकडीचं स्टेज. बिटाच्या रसात मळलेल्या उकडीचा, चुण्या पाडलेला पडदा. समोर काजूच्या खुर्च्या, रांगांमागून रांगा, सगळ्या रिकाम्या. पहिल्या रांगेत एकच माणूस, ओल्या खोबऱ्यात कोरलेला, मान एका बाजूला टाकून झोपलेला. तो तूच होतास. तू प्रयोगाला आला होतास, झोपला होतास, आणि हे मला सांगण्यासाठी तू अख्खा दिवस चुलीपाशी घालवला होतास.

परात मी कठड्यावरून खाली फेकणार होतो. तू एवढंच म्हणालास, "तोड. आदी तू तोडायचं, मंग आमी खाऊ. दुखनं तुजं हाय."

मी एक रिकामी खुर्ची उचलून तोंडात टाकली. साखरेत घोळवलेली होती, कुरकुरीत. मग दुसरी. तिसऱ्या रांगेला पोचेपर्यंत मला हसू फुटलं, तेही माझ्या मनाविरुद्ध, नाकातून. झोपलेल्या माणसाचं डोकं मी मुद्दाम शेवटी खाल्लं, चावून चावून, तुझ्याकडे बघत. त्या दिवसापासून तू मला नाटक्या म्हणायला लागलास आणि मला वाटतं, माझं ते एकमेव नाटक असेल ज्याचा शेवटपर्यंत फडशा पडला.

तिथून आपली गच्ची सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनीला ऑफिसात डावललं आणि तिच्यापेक्षा लहान माणूस तिच्या डोक्यावर बसवला, तेव्हा तू त्या साहेबाची खुर्ची केलीस. शेंगदाण्याच्या चिक्कीची, हात असलेली, मागे खव्याचा टॉवेल टाकलेला. नलिनी बाई एरवी इतकी मोजून बोलणारी. तिने घरून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि पहिल्या फटक्यात खुर्चीचा पाय उडवला. टॉवेल मात्र तिने हळूच उचलून खाल्ला आणि डोळे पुसले. मी तेवढ्यात म्हणालो की गूळ थोडा जळलाय. तू माझ्यावर असा उखडलास की मला वाटलं आता बत्ता माझ्या डोक्यात. बाई स्वतःचं दुखणं चावतेय आणि तुला गूळ दिसतो होय, असं काहीसं तू म्हणालास आणि तिथेच ठरवून टाकलंस, गच्चीवर खाण्याला नाव ठेवायचं नाही. फोटो काढायचा नाही. सकाळी परातीत काही दिसता कामा नये.

सगळं काही जमलंच असंही नाही. दत्ता मानेचं आठव. दत्ता साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या मार्केटात फळांच्या गाळ्यावर, आवाज असा की त्याला फोनची गरज नाही. पोरीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि हा गेला नाही. तू लग्नाचा मांडव केलास. पापडाचं छत, शेवयांची तोरणं, पाटावर उकडीची नवरी, आणि बापाची जागा रिकामी. दत्ताने बघितलं, आरं तू कोन रं मला शिकवनारा म्हणाला आणि परात लाथेने उडवली. तीन महिने तो तुझ्याशी बोलला नाही. गच्चीच्या कोब्यावर बिटाचा डाग पडला तो पडलाच. तू नंतर त्याच्या दारात जाऊन माफी मागितलीस, चूक झाली म्हणालास. तुझ्या चुका तू अशा कबूल करायचास. ती एक सवय मला तुझी आवडायची, लिहून ठेवतो, कारण पुढे आवडण्यासारखं फार काही येणार नाही.

आपलं भांडण एकच होतं आणि ते अर्धवट ठेवून तू गेलास. तुझं कधी करायचं?

मी विचारलं की तू म्हणायचास, माजं काय नाय. इतकी वर्षं तू आमच्या फजित्या, आमचे अपमान, आमची आजारपणं परातीत मांडलीस. माझं गुडघ्याचं ऑपरेशन तू दुधीभोपळ्यात कोरलंस, प्लेटसकट. आणि तुझं काही नाही? तुझ्या घराण्याचं मिठागर गेलं, भाऊ वेगळे झाले, कारखाना बंद पडला, आणि तुझं काही नाही? मी तुला तोंडावर सांगितलं होतं, बाळाराम, हा माज आहे. दुसऱ्यांना वाढत राहायचं आणि स्वतः पानावर बसायचं नाही, यात मोठेपणा आहे असं तुला वाटतं, पण त्यामुळे आम्ही कायमचे भिकारी होतो. तू हसलास. "मना भूक लागली का सांगीन ना," म्हणालास.

तुला भूक लागली होती आणि तू सांगितलं नाहीस. इथपासून माझी शिवीगाळ सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी तू जाहीर केलंस की पनवेलजवळ करंजाड्याला बंगला बांधायला काढलाय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साइटवर जावं लागतं, कॉन्ट्रॅक्टर चोर आहे. आम्हाला केवढा आनंद झाला. गावचं घर वाटण्यांत गेलेल्या माणसाचं स्वतःचं घर होतंय. संध्याकाळी तू परत यायचास तो थकून, पांढराफटक पडून, आणि आम्ही म्हणायचो, बघा, घर बांधणं सोपं आहे का. भर उन्हाळ्यात तू पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलास. साइटवर ऊन लागतं, म्हणालास. चहा अर्धाच घ्यायचास. गच्चीवर स्वतः खायचा नाहीस. करताना चाखून चाखून पोट भरलं म्हणायचास.

आणि काय वर्णन करायचास रे त्या बंगल्याचं. मला म्हणालास, पुढे ओटा ठेवलाय, नाटकाच्या तालमीएवढा, तू येऊन नाचायचं. नलिनीला सांगितलंस, वरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एकीतून डोंगर दिसतो. दत्ताला सांगितलंस, मागे आंब्यासाठी खड्डा घेतलाय. दत्ताने मार्केटातल्या ओळखीतून हापूसचं कलम मागवलं आणि स्वतःच्या डोक्यावरून आणून दिलं. नलिनीने पडदे शिवले, डोंगराच्या खिडकीला निळे. मी माझ्या नाटक मंडळाची पितळी घंटा दिली, तिसरी घंटा वाजवायची ती, दाराला लावायला. ती देताना मी जे भाषण केलं त्यात मी स्वतः रडलो. तूही डोळे पुसलेस. हरामखोरा.

सुमन वहिनींना आम्ही बंगलेवाली म्हणायला लागलो. जिन्यात भेटल्या की मी कमरेत वाकून विचारायचो, बंगलेवाल्या वहिनी, वास्तुशांत कधी, आम्हाला पंगतीत बसवणार की बाहेर गेटवर? त्या हसायच्या. तोंडावर पदर धरून हसायच्या.

त्याच दोन वर्षांत तुझा हात बिघडला. एकदा दत्ताच्या नातवाच्या बारशासाठी तू उकडीचा पाळणा केलास. दिसायला असा की फुंकर मारली तर झुलेल, आणि तोंडात घातला तर समुद्र. पुढच्या वेळी मीठच नाही. एकदा करंजीत साखरेऐवजी काय होतं देव जाणे. आम्हाला वाटलं, तू आमची मजा करतोयस. नाव ठेवायचं नाही हा तुझाच नियम, तेव्हा हा आता बघतोय आम्ही कुठपर्यंत गिळतो. मागून आम्ही आपसात म्हणायचो, मिठागरवाल्याचा हात, खारट नाही होणार तर काय. तुझ्यासमोर मात्र आमची चढाओढ लागायची. मी डोळे मिटून म्हणायचो, वा, काय समतोल आहे. दत्ता दोन-दोन वाट्या पाणी पिऊन आणखी मागायचा. तू मात्र आता प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारायला लागला होतास, कसं झालंय? खरं सांग, कसं झालंय?

ज्यांना उत्तर द्यायची तू स्वतः बंदी घातलीस त्यांनाच तू विचारत होतास. एकदा, फक्त एकदा म्हणायचंस की नाटक्या, नियम बाजूला ठेव, मला चव कळत नाहीये. काय बिघडलं असतं?

तू घरात कोसळलास त्या दुपारी मी आणि दत्ता धावलो. मी जवळच्या हॉस्पिटलकडे रिक्षा वळवत होतो. सुमन वहिनींनी रिक्षावाल्याला सांगितलं, पनवेलला घे. मी म्हणालो, वहिनी, एवढ्या लांब कशाला, वेळ जाईल. त्या म्हणाल्या, त्यांची फाइल तिथं हाय. मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतायत. पण तिथल्या गेटवर वॉचमनने तुला बघितलं आणि स्ट्रेचर मागवायच्या आधी म्हणाला, अरे, मंगळवारवाले काका.

तू तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात गेलास. कागद तयार होईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं. एक तरुण नर्स आली, वहिनींच्या गळ्यात पडली, मावशी मावशी म्हणत रडली. मी आणि दत्ता बघत होतो. मग ती आम्हाला म्हणाली, तुम्ही काकांचे गच्चीवाले का? काका तुमच्याबद्दल सांगायचे.

तिच्याकडून मला कळलं की तुझी किडनी दोन वर्षांपूर्वी गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी तू चार-चार तास मशीनला जोडलेला असायचास. हातावर सुयांच्या गाठी होत्या, म्हणून बाह्या. पाणी मोजून, म्हणून अर्धा चहा. या आजारात बऱ्याच लोकांच्या जिभेची चव जाते, तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतं. हे सगळं ती सांगत होती आणि मी खाली बघत मान हलवत होतो. मग तिने पुढचं सांगितलं, आणि खरं सांगतो बाळाराम, तोवर मी रडायच्या बेतात होतो, पण ते ऐकलं आणि माझे डोळे कोरडे झाले.

तू त्यांच्यासाठी मशीन केलं होतंस. डायलिसिसचं मशीन, उकडीचं, पडद्यावर आकडे, शेवया लाल रंगवून त्यांच्या नळ्या, आणि शेजारी खाटेवर तू. बिनमिठाचं, कारण तिथे कोणालाच मीठ चालत नाही. डॉक्टरांना विचारून तू ते वॉर्डात नेलंस आणि स्वतः पहिली नळी तोडलीस. शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना चमचा चमचा दिलंस. कसं झालंय म्हणून विचारलंस. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाळाराम, काय कळत नाही रे, पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतंय. आणि सगळा वॉर्ड हसला, म्हणाली ती पोरगी, इतका हसला की मशीनं वाजायला लागली आणि आम्ही धावलो.

म्हणजे तुझी परात झाली होती. तुझं दुखणं तू केलंस, तोडलंस, वाढलंस. फक्त आम्हाला बोलावलं नाहीस.

मला माहीत आहे, मी खूश व्हायला पाहिजे. तुला हसवणारं कोणी होतं, तुला खरं सांगणारं कोणी होतं. दत्ता तर तिथल्या तिथे नर्सला म्हणाला, बाई, लई उपकार झालं तुमचं. मला ते जमलं नाही. मी त्या बाकावर बसून मत्सराने जळत होतो. त्या म्हाताऱ्याचा मला राग आला, ज्याने उभ्या जन्मात नाटकाचं तिकीटसुद्धा काढलं नसेल. पुठ्ठा. हा शब्द मी वापरू शकलो असतो. मी जास्त चांगला वापरला असता.

करंजाड्याला काही नाही. दत्ता खात्री करायला गेलासुद्धा, वेडा. म्हणाला, न जानो, एखादा पाया तरी घातला आसंल. कलम तुमच्या गॅलरीत रंगाच्या डब्यात आहे. पडदे आणि घंटा माळ्यावर, जुन्या चादरीत नीट बांधलेले.

ते काढून देताना वहिनी बोलल्या. दिवस झाले होते, पाहुणे गेले होते. आम्ही तिघे हॉलमध्ये बसलो होतो आणि नलिनीने विषय काढला की बाळारामभाऊंसाठी गच्चीवर एकदा करू या. काय करायचं ते तिच्या डोक्यात होतं, बंगला. ओटा, दोन खिडक्या, आंबा, सगळं. दत्ता लगेच हो म्हणाला. मी म्हणालो, त्याला काही करायचं नाही, त्याची लायकी नाही. यावर आमची जुंपली. आवाज चढले. वहिनी चादरीची गाठ सोडत होत्या, त्या थांबल्या.

"दोन वरसं मी बंगलेवाली होती," त्या म्हणाल्या. "तुमी जिन्यात हाक मारायचे, मी हसायची. घरात येऊन दार लावायची न् मंग बसायची. आता मना नुसती सुमन म्हना."

त्यांनी गाठ सोडली आणि घंटा माझ्यासमोर ठेवली.

मग त्यांनी सांगितलं की त्या तुझ्या पाया पडल्या होत्या. गच्चीवाल्यांना तरी सांगा, मला एकटीला झेपत नाही. तू म्हणालास, सांगितलं की ते माझ्याकडे बघत खातील, नाटक्याचा आवाज बदलेल, आणि मग ती गच्ची राहणार नाही, हॉस्पिटल होईल. तुला दोन्हीकडे पेशंट व्हायचं नव्हतं. आणि तू त्यांच्याकडून शपथ घेतलीस.

तुझं म्हणणं मला कळतं. इतकं कळतं की तुझ्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं, आणि जास्त नाटकी केलं असतं. पण बाळाराम, तुझ्या एकपात्रीत दुसरं पात्र होतं. तिला तू विचारलं नव्हतंस. तिला संहिता दिली नाहीस, तालीम दिली नाहीस, रोज जिन्यात ढकललंस आणि म्हणालास, हस. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला दोन वर्षं हसायला लावलं, त्यातले तीन जण तरी अजाण होते. तू नव्हतास. याचं काय उत्तर आहे तुझ्याकडे? मी रोज विचारतो. दाढी करताना विचारतो, ऑफिसात फाइल उघडताना विचारतो. तू आपला फोटोत.

वहिनींनी आम्हाला दारापर्यंत सोडलं. बंगला करायचा असेल तर करा, म्हणाल्या, मी येणार नाही. आणि दार लावून घेतलं. दत्ता जिन्यात उभाच राहिला. म्हणाला, बाळाराम गेला ते गेला, आता ही बाई पन आपल्याला तोंड दाखवनार न्हाई. आपन मेलो की रं.

तो बरोबर बोलत होता. पुढचे दिवस वहिनी जिन्यात भेटल्या तरी खाली बघून जायच्या. मी काय हाक मारू हेच मला कळेना. दोन वर्षांच्या हाका एका झटक्यात खोट्या निघाल्या होत्या. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो आणि मी, तोंड बंद ठेवणं ज्याला जमत नाही तो मी, तळमजल्यापर्यंत आकडे बघत राहिलो. बाहेर पडताना कसंबसं म्हणालो, "सुमन, बंगला करणार नाही आम्ही." त्या थांबल्या. वळल्या नाहीत, पण थांबल्या.

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर गेलो होतो, रिकाम्या हाताने, सवयीने. दत्ताने कलिंगड आणलं होतं आणि ते तसंच ठेवलं होतं. जिन्याचं दार वाजलं. वहिनी वर आल्या. हातात ताट, घरातलं जेवायचं साधं ताट, त्यावर काही झाकलेलं नव्हतं.

ताटात एक स्टूल होतं. उकडीचं. तुझ्यासारखं नव्हे. बैठक एका बाजूला कललेली, पाय जाडजूड, त्यातला एक मोडून पुन्हा चिकटवलेला, वर ओल्या बोटांचे ठसे तसेच. पण स्टूल होतं ते ओळखू येत होतं.

"त्यांना खाट होती," वहिनी म्हणाल्या. "मना ह्यो होता. पाठ टेकायला नाय. चार-चार तास."

त्यांनी ताट खाली ठेवलं, मांडी घातली आणि पुढे काय करायचं हे कोणी सांगायच्या आत स्टुलाचा एक पाय मोडून तोंडात घातला. मग ताट आमच्याकडे सरकवलं.

आणि त्या बोलायला लागल्या. तुझ्याबद्दल नाही, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहितो. त्या स्टुलाबद्दल बोलल्या. कंबर कशी धरायची. वॉर्डात एसी इतका, की त्या तुझी शाल अर्धी स्वतःच्या पायावर ओढायच्या आणि तू डोळे उघडलेस की परत सारायच्या. तिथली दुसरी एक बाई, तीही स्टुलावर, दोघी जणी बाहेर जाऊन वडा खायच्या आणि आत येताना तोंड पुसायच्या, कारण आतल्या कोणालाच ते चालत नव्हतं. एका शुक्रवारी त्यांना इतका कंटाळा आला की त्या तुला न सांगता खाली गेल्या आणि रिक्षात बसून नुसत्या पनवेलच्या बाजारात फिरून आल्या. हे सांगताना त्या हसल्या. पदर तोंडावर न घेता. तसं हसू मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं, त्यांचे पुढचे दात किंचित पुढे आहेत हेही मला माहीत नव्हतं.

आम्ही खात होतो. नलिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच होता. दत्ता घास घोळवत होता, गिळत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

वहिनींनी विचारलं, कसं झालंय?

तुझा नियम मला पाठ होता, बाळाराम. माझ्याकडे वा आणि क्या बात है, दोन्ही तयार होते.

"मधे कच्चं आहे, सुमन," मी म्हणालो. "पीठ लागतंय दाताला."

सुमनने स्वतःच्या हातातला तुकडा दाबून बघितला, मान हलवली, ताट उचललं आणि उठली.

"बसा मंग," ती म्हणाली. "परत वाफवून आनते."

आम्ही बसलो.